एकविसावी पावली

१ एप्रिल

भागिरथा आजीने आज सगळ्यांसमोर दादीचा हार हातात घेतला आणि मोजायला बसली. वीसपर्यंत मोजलं. मग एकविसावं नाणं दोन बोटांत धरून म्हणाली, "हे काढ पहिले. मंग घाल पोरीच्या गळ्यात."

चंदाचं लग्न चार मेला आहे. आमच्यात आजीचा हार नातीच्या गळ्यात जातो. मोठी नात मी, पण मी 'शिकून राह्यली', म्हणून माझा नंबर न विचारताच धाकट्या बहिणीला गेला. वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

हार चांदीच्या वीस पावल्यांचा. इंग्रजांच्या वेळचे चार आणे, कुणावर राणी, कुणावर राजा. एकविसावं नाणं तेवढ्याच आकाराचं, पण जाड. गोलाई नीट नाही. समोरची बाजू झिजून पार सपाट. बाकीच्यांना वर कडी डाखलेली, म्हणजे तापवून जोडलेली, आहे. ह्यालाच तेवढी पितळेची उथळ वाटी, आणि वाटीत लाख भरून त्यावर नाणं बसवलेलं. मागची बाजू कधी कुणी पाहिलेली नाही.

"मागची बाजू काहून लपवली वं? खोटं हाय म्हणून! तुह्या बापानं एकवीस कबूल केल्या, वीस धाडल्या अन् एक टिकली चिकटवली."

भागिरथा आजी म्हणजे दादीची नणंद. नवरा वारल्यावर माहेरच्या तांड्यात परत आली, ती इथलीच झाली. लग्न होऊन आल्या दिवसापासून, म्हणजे साठेक वर्षं, दादी हे ऐकते आहे. होळीला ऐकते, दिवाळीला ऐकते, कुणाच्या लग्नात तर हमखास. नेहमी पदर सारखा करते आणि उठून जाते.

आज गेली नाही. "हार जाईन तं एकवीसचा जाईन. नाईतं नाई जानार."

बा खाली मान घालून बसला. याडीच्या, म्हणजे आईच्या, हातातली भाकरी तव्यावर करपली. दोघं परवाच ऊसतोडीवरून परतलेत, अजून अंगातली बैलगाडी उतरलेली नाही. त्यांना ह्यात पडायचं नाही. चंदा मला म्हणाली, "ताई, मले हार नसला तरी चालते." तिला चालतं. दादीला चालणार नाही.

(घरात सगळे गोरबोलीच, म्हणजे बंजारा बोलीच, बोलतात. माझ्या वहीत उतरताना त्याचं मानोऱ्याच्या बाजारातलं वऱ्हाडी होतं. इलाज नाही, मी लिहायला शिकले ती मराठीत.)

२ एप्रिल

दादीला विचारलं, "मी बघू का, काय आहे ते?"

"तू शिकली हायस ना? मंग पाह्य."

हेच ते! घरात पहिली शिकलेली मी. औषधाची चिठ्ठी, सातबारा, बँकेचा मेसेज — सगळं माझ्यापुढे येतं. मी जे वाचेन ते खरं. कुणी तपासत नाही, कारण तपासणारं कुणी नाही. कॉलेजात चुकलं तर मॅडम लाल रेघ मारतात. इथे मी चुकले तर चूकच खरी होऊन बसेल.

म्हणून ठरवलं: दादीला काही सांगायच्या आधी प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची. आणि एकदा दुसऱ्याला दाखवायची.

३ एप्रिल

वैभवी मॅडमना फोन केला. त्या मूळच्या शिरपूर जैनच्या, त्यामुळे तांडा, हार, पावल्या — काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या प्राचीन इतिहासाच्या वर्गात नाणी त्याच शिकवतात.

"हात लावायच्या आधी फोटो. लावताना फोटो. लावून झाल्यावर फोटो. आणि रीता, आतून काय निघावं असं तुला वाटतं, ते आत्ता कागदावर लिहून ठेव. म्हणजे नंतर स्वतःला फसवता येणार नाही."

लिहिते. चांदीचं असावं. बस्स. चांदीचं असलं की दादीचा बाप खोटा नाही.

५ एप्रिल

दिवस कलला तेव्हा ओसरीच्या कडेला नाणं आडव्या उजेडात धरलं. मोबाइलवर सोनाराकडचं भिंग ठेवून फोटो काढले. सपाट बाजू पार सपाट नाही! चांदी झिजली आहे, पण खोलगट भागात काळपट रेषा उरल्या आहेत. नाकाचा उतार. कपाळावरून मागे जाणारी फीत किंवा केस. हनुवटी — बहुतेक.

राणी नाही. दादीच्या पावल्यांवरचा राजाही नाही, त्याला दाढी आहे. हा दाढी केलेला माणूस आहे.

सात फोटो काढले, पण हात हलला. सगळे धूसर. उद्या भिंतीला मोबाइल टेकवून नीट काढते. दादीला म्हटलं, "उद्या ह्याचे चांगले फोटो काढून मॅडमना पाठवणार आहे."

केवढी खूश झाली!

६ एप्रिल

काय करून बसली ही!

सकाळी उठून बाहेर आले, तर दादी न्हाणीच्या दगडावर बसलेली, पुढ्यात भिजवलेली चिंच आणि चुलीतली राख. हार लखलखत होता. एकविसावं तर सगळ्यांत जास्त.

"फोटोत मळकं दिसू नाई म्हणून घासलं." चेहऱ्यावर ही एवढी आशा.

काळपट रेषा गेल्या. त्या काळेपणामुळेच नाक दिसत होतं. आता सगळं एकसारखं पांढरं. आडव्या उजेडात, उभ्या उजेडात, कशातच काही नाही.

मी ओरडले. दादीवर! बा-याडी सहा-सहा महिने तोडीवर असायचे तेव्हा जिने मला शाळेत धाडलं, मास्तरांशी भांडून माझं नाव पटावर ठेवलं, तिच्यावर.

ती घाबरली नाही. चिंचेचा चोथा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाकीच्या तं मी सणावाराले घासतो. हे आठवड्याले घासतो. भागिरथाले ह्याची चमक दिसावी म्हणून."

थोड्या वेळाने: "म्हंजे त्याचं थोबाड मीच पुसलं काय?"

नाही म्हणता आलं असतं. बोटं जन्मभर लागली की झिजतंच, सगळी नाणी झिजतात, असं काहीतरी. पण तिने सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "हो."

दादी उठली आणि राख परत चुलीत टाकून आली.

७ एप्रिल

दादीची माफी मागितली. "कायची माफी! कापूस येचाले जाजो माह्यासंग या साली," म्हणाली. म्हणजे झालं.

पण तिने दिवसभर हाराला हात लावला नाही.

८ एप्रिल

आता उरली फक्त मागची बाजू. म्हणजे लाख सोडवावी लागणार. मॅडम म्हणाल्या, लाख स्पिरिटमध्ये मऊ पडते, चांदीला त्याने काही होत नाही. सुई, टाचणी, चाकू — धातूचं काहीही लावायचं नाही.

दादीला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या बापाच्या हातची लाख हाय ते."

ही मला नवी माहिती. कडी डाखायला सोनाराने नकार दिला होता — "ही चांदी आपली नाई, पाघळून गेली तं माह्यावर नाव येईन." म्हणून तिच्या बापाने स्वतः पितळेचा पत्रा ठोकून वाटी केली, पळसावरची लाख वितळवली आणि नाणं बसवलं. मी एकदम म्हटलं, "मग लपवलं नव्हतंच! सोनाराने कडी लावली नाही म्हणून!"

"मी तेच सांगत आली साठ वर्षं. कोन आयकते? बाप माहा, साक्ष माही."

मग ती लाख काढू का, हे मी विचारलं नाही. दादीच संध्याकाळी हार घेऊन आली आणि मांडीवर ठेवला. "काढ. पन त्याच वाटीत पुन्हा बसवजो."

९ एप्रिल

मानोऱ्याला गेले. मेडिकलवाला म्हणाला, "दोन बाटल्या स्पिरिट? कायले?" मी म्हटलं, "नाणं धुवायले." तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुह्या बापाले सांगजो, त्यानं पोट जळते."

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर. घरून लोणच्याची रिकामी बरणी, तीन वेळा धुतलेली, तरी मोहरीचा वास येतोच.

हारातून वाटी सोडवली. फोटो बावीस. दुपारी सव्वाबाराला नाणं वाटीसकट स्पिरिटमध्ये.

१० एप्रिल

काही नाही.

११ एप्रिल

स्पिरिट चहासारखं लाल झालं आहे! बदललं.

भागिरथा आजी दारातून डोकावली. "काय वं रीता, आजीच्या बापाचं लोनचं घातलं काय?" आणि स्वतःच हसली. जाता जाता थांबली मात्र. "निघते काय ते लाख त्यानं?" मी म्हटलं, मऊ पडते. "अन् नाण्याले काई नाई होत?" नाही म्हटलं. गेली.

१२ एप्रिल

निघालं!

बांबूची काडी तासून नाण्यावर दुमडलेल्या पितळेच्या कडा एकेक करून उचलल्या. पाच होत्या. पाचवीला नाणं आपोआप तळहातावर आलं. जड. मी वाटीसकट इतके दिवस हाताळत होते, तरी हे वजन कळलं नव्हतं.

मागच्या बाजूवर लाखेचा काळा-तपकिरी थर, गुळाच्या ढेपेसारखा. फोटो. पुन्हा स्पिरिट. उद्यापासून बाभळीच्या काट्याने.

पितळेची वाटी वेगळ्या डबीत ठेवली. आतून तिच्यावर ठोकल्याच्या खुणा आहेत. म्हणजे दादीच्या बापाची हातोडी.

१३ एप्रिल

बाभळीचा काटा पहिल्यांदा जोर लावला की मोडतो. बरंच आहे — म्हणजे नाण्याला ओरखडा पडण्याआधी काटाच मोडेल. चार तासांत मोडलेले काटे सतरा. उघडी झालेली जागा: ज्वारीच्या दाण्याएवढी.

त्यात एक अक्षर.

एम. इंग्रजी एम. दोनदा पाहिलं. चंदाला दाखवलं. ती दहावीपर्यंत शिकली आहे. तिला न सांगता विचारलं, "हे काय आहे?" म्हणाली, "एम. नाईतं दोन डोंगर."

इंग्रजांचंच नाणं आहे का मग? 

१४ एप्रिल

एमच्या पुढे ए. ए-च्या पुढे एक्स.

राणीच्या पावलीवर, राजाच्या पावलीवर, कुठेही एक्स नाही. वीसच्या वीस पुन्हा तपासल्या.

मला माहीत आहे मला काय वाटतंय. ते इथेही लिहिणार नाही. वर्गात एकदा फळ्यावर चित्र दाखवलं होतं, तेच मला दिसत असणार. हवं ते दिसतं माणसाला. पूर्ण उघडं होईपर्यंत नाव घ्यायचं नाही.

१५ एप्रिल

खुर्चीचा पाय निघाला. मग एक पाऊल. मग कपड्याच्या चुण्या.

दादी शेजारी बसून होती. तिने माझ्यासाठी काटे सोलून पानावर मांडून ठेवले होते, लांब एका बाजूला, बुटके एका बाजूला. भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "बाई हाय."

"कशावरून?"

"बसली कशी हाय पाह्य ना! घरातल्या सगळ्यायले हुकूम देऊन बसली हाय."

१६ एप्रिल

दुपारी तीनच्या सुमाराला शेवटची लाख सुटली. डिस्टिल्ड पाण्यात बुडवलं, मऊ कापडावर उलटं ठेवलं, टिपलं. मग उजेडात धरलं.

खुर्चीवर उजवीकडे तोंड करून बसलेली बाई. एका हातात उभी काठी — राजदंड. दुसऱ्या हातात फांदी. डोक्यावरच्या केसांची गाठसुद्धा दिसते! पावलांखाली सरळ रेघ. आणि कडेने अक्षरं, एकही झिजलेलं नाही. साठ वर्षं लाखेखाली होतं, आणि त्याआधी कोण जाणे कुठे.

आता लिहिते. रोमचं नाणं आहे. सम्राट टायबेरियसचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं. कडेची अक्षरं त्याची पदवी आहे — मुख्य पुरोहित. बाई बहुतेक त्याची आई.

दोनदा पाहिलं, पाच वेळा पाहिलं, पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवून एकेक अक्षर पाहिलं. मग ओसरीत जाऊन बसले आणि रडले. याडी धावत आली — "मोडलं काय?" मी नाही म्हणून मान हलवली.  तर तिला वाटलं मोडलं, ती पण रडायला लागली!

दादीला सांगितलं. कुठला राजा, किती लांब, समुद्रावरून जहाजाने माल न्यायला यायचे आणि चांदी देऊन जायचे. ती सगळं ऐकून म्हणाली, "नाण्यावर आईले बसवलं? लेक चांगला व्हता."

त्याच्याबद्दल मी जे वाचलंय ते तिला सांगितलं नाही. एवढं खोटं चालेल.

"मंग खरं हाय ना हे?"

"मॅडमना विचारते आणि सांगते."

दादी म्हणाली, "बाई माही, तू तं न्यायाधीशापेक्षा बेक्कार हायस."

१७ एप्रिल

बरं झालं सांगितलं नाही.

मॅडमचा फोन. आनंदाने ओरडल्याच आधी. मग म्हणाल्या, "आता थांब. ह्या नाण्याला इतका मान होता की आपल्याकडच्या लोकांनी त्याच्या नकला पाडल्या. त्याच काळात. चांदी कमी घालून, किंवा वरून नुसता मुलामा देऊन. अक्षरं कळत नसत, म्हणून उलटसुलट कोरत. तुझं त्यातलं नाही ना, ते बघावं लागेल."

म्हणजे दोन हजार वर्षं जुनं असून ते खोटं असू शकतं. भागिरथा आजी बरोबर निघू शकते!

फोटो मॅडमच्या गुरूंकडे गेले. ते अक्षरन् अक्षर बघणार.

१८ एप्रिल

वाट बघणे. भारतीय अभिलेखांचा पेपर वीस मेला आहे. एक पानही वाचलं नाही.

१९ एप्रिल

वाशिमला गेले. बाला बरोबर नेलं. एका सराफाकडे धातू तपासायचं यंत्र आहे, नाण्याला न कापता, न घासता सांगतं. नाणं मऊ कापडात, कापड डबीत, डबी बाच्या बनियनच्या खिशात. एसटीत बाने पूर्ण वेळ त्यावर हात ठेवला होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "छातीत दुखते काय भाऊ?"

सराफाने यंत्राखाली ठेवलं. आकडा आला. त्याने पुसून पुन्हा ठेवलं. पुन्हा तोच.

चांदी सत्त्याण्णव टक्के. दोन्ही बाजूंनी. कडेलाही. मुलामा नाही.

सोबत आणलेली राणीची पावली ठेवायला सांगितली — पावणेब्याण्णव!

बा मोठ्याने म्हणाला, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं: "म्हंजे माह्या मायच्या बापाची राणीच्या वर!"

वजन तीन ग्रॅम, चार दशांश आणि वर थोडं. झिजलेल्या नाण्याला बरोबर आहे.

येताना एक गोष्ट डोक्यात आली ती इथेच ठेवते. भागिरथा आजीचा हार मी हजारदा पाहिला आहे. तिच्या बऱ्याच पावल्यांवर १९४३, १९४४ साल आहे. युद्धाच्या वेळी पावलीत चांदी अर्धीच घालत. हे मला माहीत आहे, तिला नाही. सांगणार नाही. तिच्याही बापाला ते माहीत नसणार.

२१ एप्रिल

उत्तर नाही.

दादी चंदाच्या फेटियाला, लग्नाच्या घागऱ्याला, आरसे लावते आहे. मला काही विचारत नाही. मी जवळून गेले की फक्त सुई थांबते.

२३ एप्रिल

उत्तर नाही. भागिरथा आजीने तांड्याच्या प्रमुखांच्या, नायकांच्या घरी सांगितलं म्हणे — "पोट्टीनं वाशिमले नेलं अन् आता गप बसली. समजा तुमीच."

२४ एप्रिल

सकाळी सव्वाअकराला फोन! मॅडमचा आवाज ऐकूनच कळलं.

अक्षरं सरळ, पूर्ण, क्रमाने. कोरणी तिकडचीच. वजन बरोबर, चांदी बरोबर. गुरू म्हणाले, नक्कल नाही. रोमन टाकसाळीतलं अस्सल नाणं. आणि म्हणाले, "साफ कुणी केलं? एक ओरखडा नाही."

बाभळीच्या काट्याने, सर! एकशे चार काट्यांनी!

अंगणातून पळत गेले. दादी शेळीला पाला टाकत होती. मी म्हटलं, "खरं आहे."

तिने उरलेला पाला शेळीपुढे टाकला. हात फेटियाला पुसले. मग तांड्याच्या वाटेकडे तोंड करून, कुणीही समोर नसताना, तिच्या त्या बारीक आवाजात ओरडली: "ओ बापू! खरं हाय गा!"

तिचा बाप वारून चाळीस वर्षं झाली.

२८ एप्रिल

पुन्हा वाटीत बसवलं. मॅडमना विचारूनच — लाख कधीही सोडवता येते, लग्नापुरतं हरकत नाही, मग कापडात गुंडाळून डबीत. नोंद, फोटो, वजन सगळं त्यांच्या विभागाकडे दिलं आहे. पुढे कुणाला कळवावं लागेल ते त्या बघणार.

लाख दादीने स्वतः वितळवली. पण ह्या वेळी उलटं बसवलं. झिजलेली बाजू आत, बाई बाहेर.

झिजलेल्या बाजूवरून दादीने एकदा अंगठा फिरवला. "याचं तोंड तेवढं माह्या हातानं गेलं."  

४ मे

लग्न लागलं. चंदा सुंदर दिसत होती आणि सारखी शिंकत होती, हळदीने.

हार घालायची वेळ आली. सगळा तांडा. सोमला नायकांनी घसा खाकरून सांगितलं, पोरीने काय शोधलं, किती वर्षांपूर्वीचं, कुठल्या राजाचं. सांगताना वर्षांत पाचशेची भर घातली. कुणीतरी म्हणालं, "तवा आपला तांडा कोठं व्हता नायक?" "बैल शोधत व्हता," नायक म्हणाले. हशा.

मग दादीने हार उचलला आणि सरळ भागिरथा आजीच्या हातात दिला. "मोज."

 भागिरथा आजी मोजायला लागली. मोठ्याने, तिच्या सवयीने. अठरा, एकोणीस, वीस. एकविसाव्याला बोट थांबलं. तिने नाणं जवळ नेलं. त्या बाईकडे फार वेळ पाहिलं. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल आणि सगळं नासवेल.

"एकवीस," ती म्हणाली. आणि हार तिनेच चंदाच्या गळ्यात घातला.

बायकांनी गाणं उचललं. दादी नाचली! गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं नळावर जात नाही ती दादी! बाने मला सगळ्यांसमोर उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेत उसण भरून बसला. याडी भेटेल त्याला सांगत होती, "माह्या पोरीनं वाचलं. माह्या पोरीनं."

एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. पेपर गेला तरी चालेल. (चालणार नाही. उद्यापासून अभ्यास.)

५ मे

पाहुणे निघून गेल्यावर भागिरथा आजी आली. हातात जुनी कांचळी, आमची आरशांची चोळी, आतली शिवण उसवलेली. दुसऱ्या हाताची मूठ उघडून तिने माझ्यापुढे धरली. नाणं. जाड, गोलाई नीट नसलेलं. कडी नाही, लाख नाही, काळं पडलेलं.

"माह्या बापानं देल्लं. तुह्या दादीचा बाप अन् माहा बाप एकाच विहिरीवर खोदाले व्हते, दोघायले दोन भेटले. विहीर दुसऱ्याची. बोलले असते तं चोर ठरले असते. मले वाटलं, खोटं हाय. कोनी माह्यं पाहाच्या आंधी मी तिच्या नाण्याले नाव ठेवलं. अन् माह्यं आतून शिवून टाकलं."

साठ वर्षं कांचळीच्या आत. चिंच नाही, राख नाही, कुणाचा अंगठा नाही. मी उजेडात धरलं. पुरुषाचं डोकं, तोंड उजवीकडे, सरळ नाक, दाढी नाही, केसांवर पानांची फीत आणि मानेवर तिच्या गाठीची दोन टोकं.

दादीला हाक मारली. ती आली. नणंदेकडे पाहिलं, कांचळीकडे पाहिलं. नाणं घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. बोट लावलं नाही.

"असा व्हता काय हा," म्हणाली.